जयवंतरावांच्या रागाचा उगम

जयवंत मुळीक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा खात्यानं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच आठवड्यात त्यांच्या हाताखालच्या लोकांनी एका मळ्यात वेगळं जेवण ठेवलं आणि त्याला साहेबांना बोलावलं नाही. साहेबांचा राग कोयनेपासून नीरेपर्यंत प्रसिद्ध होता. कालव्याचं दार बोटभर जास्त उचललं गेलं तरी ते ज्या आवाजात बोलत, त्या आवाजानं पलीकडच्या काठावरचे बगळे उडत.

निवृत्तीनंतर हा सगळा राग कऱ्हाडच्या घरात राहायला आला. घरात माणसं दोनच, ते आणि त्यांच्या पत्नी कुंदाताई. कुंदाताईंनी जिल्हा परिषदेच्या नोकरीत उभी हयात काढली होती, त्यामुळे ओरडणाऱ्या माणसासमोर शांतपणे डबा खाण्याची त्यांना सवय होती. तिथे काही चालेना, म्हणून जयवंतराव बाहेर गिऱ्हाईक शोधू लागले. रोज सकाळी दूध घेऊन येणारी बिनचालकाची गाडी फाटकाच्या चुकीच्या बाजूला थांबते म्हणून ते तिच्याशी भांडले. विजेच्या तक्रारी घ्यायला आता माणूस नसायचा, यंत्रच बोलायचं. त्या यंत्राशी ते इतका वेळ भांडले की शेवटी ते म्हणालं, "साहेब, आपण थोडं पाणी प्या. मी थांबते."

रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मग एका शनिवारी त्यांची मुलगी केतकी पुण्याहून आली. ती बाणेरच्या एका संशोधन संस्थेत मेंदू आणि शरीर यांच्यातल्या निरोपांवर काम करत होती. तिनं वडिलांसमोर एक डबी उघडली. आत तळहाताएवढी एक पातळ पट्टी होती आणि शर्टाच्या बटणाएवढ्या दोन चकत्या.

"पट्टी पोटावर, एक चकती मानेवर, एक कानामागे," केतकी म्हणाली. "याचं नाव 'उगम'. बाजारात यायला अजून तीन-चार महिने आहेत. तुम्ही आधी वापरून बघा."

"रक्तदाबाचं आहे का हे?"

"नाही बाबा. तुम्हाला राग आला, की तो कुठून आला ते हे सांगतं."

"ते मला ठाऊक आहे. लोकांच्या मूर्खपणातून येतो."

"असं सगळ्यांनाच वाटतं. आधी बाहेर काहीतरी घडतं, मग मनात राग येतो, आणि मग छाती धडधडते, कान तापतात. असंच ना?"

"असंच."

"पुष्कळदा क्रम उलटा असतो," केतकी म्हणाली. "शरीरात आधीच काहीतरी बिनसलेलं असतं. पोटात आम्ल झालेलं असतं, झोप पुरी झालेली नसते, मान आखडलेली असते. त्याची बातमी नसांमधून मेंदूकडे सारखी जात असते. पोटापासून मेंदूपर्यंत तर एक लांबलचक नस आहे, तिला दुसरं कामच नाही. पण ही बातमी मोघम असते. काहीतरी बिघडलंय एवढंच मेंदूला कळतं, काय ते कळत नाही. मग तो समोर जे दिसेल त्याच्यावर ठपका ठेवतो. समोर दूधगाडी असली तर दूधगाडीवर. आणि आपल्याला वाटतं, दूधगाडीमुळे राग आला."

जयवंतराव इंजिनिअर होते. पटलं नाही तरी प्रश्न पडला. "पण आधी काय बिघडलं हे ओळखणार कसं? सगळं तर एकदमच होतं."

"कालव्यात गळती कुठे आहे ते तुम्ही कसं शोधायचात?"

"दारादारावर माणूस उभा करायचा आणि पाण्याची पातळी बघायची. जिथे ती आधी उतरते, गळती त्याच्या जवळ."

"ही पट्टी आणि चकत्या म्हणजे दारावरची माणसं. पोट, काळीज, श्वास, मान, मेंदू, यांतलं आधी कोण हललं ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि फोनवर सांगतात. एवढंच आहे."

कालव्याचा दाखला दिल्यावर जयवंतरावांना नाही म्हणता येईना. त्यांनी पट्टी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकासमोर नगरपालिकेची माणसं रस्ता खणायला आली. त्या पावसाळ्यानंतरची ही तिसरी खोदाई. जयवंतराव फाटकात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. कामगारांनी हातातली फावडी खाली ठेवली, कारण हे भाषण त्यांनी आधी दोनदा ऐकलं होतं आणि त्याला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. तेवढ्यात सदऱ्याच्या खिशातून फोन अतिशय शांत बाईच्या आवाजात म्हणाला, "उगम, पोट."

जयवंतराव थांबले. आपण पहाटेपासून दोन वेळा कोरा चहा घेतला आहे आणि पोटात दुसरं काही नाही, हे त्यांना आठवलं. मागून कुंदाताई आल्या आणि त्यांनी त्यांच्या हातात एक केळं ठेवलं. ते त्यांनी फाटकात उभ्या उभ्या खाल्लं. कामगार बघत राहिले. थोड्या वेळानं जयवंतराव खड्ड्याजवळ गेले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जागा बरोबर धरलीत. पाइपाचा सांधा इथेच आहे." त्या माणसांना हे त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. त्यांनी त्या दिवशी काम लवकर आवरलं.

त्यानंतर जयवंतरावांचा कायापालटच झाला. राग येऊ लागला की फोन बोलायचा आणि ते उपाय करायचे. पोट म्हटलं की केळं, मान म्हटलं की गरम पाण्याची पिशवी, झोप म्हटलं की सरळ आडवं व्हायचं. आयुष्यभर ज्याला ते आपला करारी स्वभाव समजत होते, तो बहुतेक वेळा पित्ताचा निघाला. याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना फार हलकं वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाची सगळ्यांना भीती होती तो आपण नव्हतोच, असं ते चार लोकांत सांगू लागले.

तीन-चार महिन्यांनी 'उगम' बाजारात आलं आणि कऱ्हाडात घरोघरी झालं. बँकेतल्या खिडकीवर पाटी लागली, 'माझी मान आखडली आहे, ग्राहकांनी मनावर घेऊ नये.' एका स्थानिक पुढाऱ्यानं चौकात जोरदार भाषण केलं. टाळ्या थांबल्यावर त्याच्या स्वतःच्याच फोननं माइकवरून जाहीर केलं की आवेशाचा उगम मूत्राशयात आहे. घटस्फोटापर्यंत आलेल्या एका जोडप्यानं गादी बदलली आणि अर्ज मागे घेतला. कॉलेजातल्या एका मुलानं आगाशिवाचा डोंगर चढून गेल्यावर मैत्रिणीला मनातलं सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी खाली उतर, दम खा, आणि मग सांग." खाली आल्यावरही त्यानं सांगितलं, असं म्हणतात. पण तोवर तिला भूक लागली होती आणि भुकेपोटी होकार देणं तिला बरोबर वाटलं नाही.

जयवंतराव या सगळ्यात जुने जाणकार म्हणून मिरवत होते. कॉलनीच्या बैठकीत कुणी आवाज चढवला की ते त्याच्याकडे प्रेमानं बघायचे आणि विचारायचे, "पोट साफ होतं ना?" पूर्वी लोक त्यांना घाबरून गप्प बसत. आता त्यांना बघून घरी जात.

कोजागरीच्या आधी एकदा ते बैठकीहून आले आणि म्हणाले, "यंदा सगळी कॉलनी आपल्या गच्चीवर. मी सांगून टाकलं."

कुंदाताई पालेभाजी निवडत होत्या. "किती माणसं?"

"असतील चाळीस."

"दूध कोण आटवणार? भेळ कोण करणार?"

"तूच छान करतेस."

कुंदाताई बोलायला लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण वाक्यं एकापाठोपाठ येत होती. जयवंतरावांनी ती थोडा वेळ ऐकली, मग ते उठले, टोपलीतलं केळं आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

कुंदाताईंनी केळ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"खा आधी. मग बोलू."

कुंदाताईंनी भाजी बाजूला सारली. नवऱ्याची जादा पट्टी कपाटातून काढली, आत जाऊन लावली, चकत्या चिकटवल्या आणि बाहेर येऊन समोर बसल्या. फोन लगेच बोलला, "उगम, विचार."

हा शब्द जयवंतरावांनी त्या फोनकडून कधीच ऐकला नव्हता. "विचार म्हणजे?"

"म्हणजे मी विचार करून चिडलेय. पोट चांगलं आहे माझं. झोपही झाली. तुमचं मी पुष्कळ ऐकलं, आता तुम्ही ऐका." मग त्यांनी कोजागरीपासून सुरुवात केली आणि बऱ्याच मागे गेल्या. शेवटी कुंदाताई म्हणाल्या, "आणि आक्कांशी इतकी वर्षं बोलत नाही तुम्ही. जगाचे राग तपासता, तो एक सोडून. तोही दाखवा की या यंत्राला."

आक्का म्हणजे जयवंतरावांची मोठी बहीण, शकुंतला. आई लवकर गेली, तेव्हापासून आक्कानंच त्यांना सांभाळलं. पुढे ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. कुंदाताईंची नोकरी फिरतीची आणि जयवंतराव कायम कुठल्यातरी कालव्यावर, त्यामुळे केतकी शाळेतून आत्याकडेच यायची, तिथेच जेवायची, तिथेच अभ्यास करायची. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना केतकीचं लग्न झालं आणि त्या लग्नात बिनसलं.

झालं असं, की जेवणाआधी कुणीतरी आक्काच्या हातात माइक दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. आक्का व्याह्यांना म्हणाली, "पोरगी गुणाची आहे. फक्त चिडते, ते तिच्या बापावर गेलंय. हिचा बाप लहानपणी चिडला की मी त्याला मोरीत उभा करून डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. तुम्हीपण तेच करा." सगळा मांडव हसला. पहिल्या रांगेत बसलेले खात्याचे वरिष्ठ तर डोळे पुसत हसले. जयवंतराव आक्काला भांड्यांच्या खोलीत घेऊन गेले आणि तिथे एक वाक्य बोलले, "तुला स्वतःचं लेकरू असतं तर आज बापाला काय होतं ते कळलं असतं." आक्का न जेवता घरी गेली. तेव्हापासून आठ-नऊ वर्षं, एकाच गावात राहून, भाऊ-बहीण बोलत नव्हते. कुंदाताई आणि केतकी आक्काकडे जात-येत होत्या, आणि ते जयवंतरावांना माहीत नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं.

जुना रागही तपासता येतो, असं केतकीनं एकदा सांगितलं होतं. माणूस डोळे मिटून तो प्रसंग नीट आठवत गेला की शरीर तो क्रम पुन्हा थोडाबहुत गिरवतं. कुंदाताईंच्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतराव आरामखुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मांडव, माइक, वरिष्ठांचं हसणं, तांब्या. फोन म्हणाला, "उगम, पोट."

त्यांनी डोळे उघडले. कन्यादान व्हायचं म्हणून त्या दिवशी त्यांनी सकाळपासून उपास धरला होता. कोऱ्या चहावर दुपार काढली होती.

"कुंदा," ते आत जाऊन म्हणाले, "मला आक्काचा राग आलाच नव्हता. पित्त होतं. मी तेव्हा काही खाल्लं असतं तर हे झालंच नसतं."

"बरं झालं कळलं," कुंदाताई म्हणाल्या. "फक्त हे असंच्या असं आक्कांना सांगू नका."

पण जयवंतरावांनी तोवर चपला घातल्या होत्या.

आक्का विद्यानगरात दोन खोल्यांच्या घरात राहायची. पासष्टी उलटली होती, पण पाठ अजून शाळेच्या मैदानावर असल्यासारखी ताठ. तिनं दार उघडलं आणि भावाकडे पाहून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग ये."

जयवंतराव बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी सांगितली, नस सांगितली, दारावरची माणसं सांगितली. खात्यात अहवाल सादर करायचे तसं मुद्देसूद सांगितलं. "तर निष्कर्ष असा निघतो आक्का, की तो राग तुझ्यावर नव्हताच." आणि आता तिला बरं वाटेल म्हणून ते तिच्याकडे बघत राहिले.

आक्का म्हणाली, "माझ्यावर नव्हता."

"अजिबात नव्हता."

"पित्ताचा होता."

"यंत्रानं स्वच्छ सांगितलंय."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या पित्तापायी रडले. भाऊबीजेला ताट करून झाकून ठेवत होते, तेही तुझ्या पित्ताला."

ते ताटाचं जयवंतरावांना माहीत नव्हतं.

"बरं, राग पोटातून आला. धरू तसं," आक्का म्हणाली. "आणि ते वाक्य? लेकराचं? ते कुठून आलं? पित्ताला काय माहीत मला लेकरू नाही ते?"

खिशातला फोन म्हणाला, "उगम, पोट."

"जा," आक्का उठत म्हणाली, "केळं खा जाऊन. केळ्याचं कुंदानं सांगितलंय मला."

घरी येऊन जयवंतरावांनी केतकीला फोन लावला. सगळं तिला सांगितलं.

"बाबा, तुम्ही आत्याला खरंच असं सांगितलंत? निष्कर्ष वगैरे?"

"खोटं काय आहे त्यात? तुझंच यंत्र आहे."

"यंत्र बरोबरच आहे. पण ते पाणी कुठून आलं तेवढंच सांगतं. ते पुढे कुणाच्या रानात सोडायचं, हे त्याला कळत नाही. त्या दिवशी तुमचं पोट बिघडलं होतं, तुम्ही कुणावरही ओरडला असता. आचाऱ्यावर, बँडवाल्यावर. सोपं होतं. तुम्ही आत्याला गाठलंत, आणि जगातली इतकी वाक्यं सोडून ते एक निवडलंत."

"दार मी उघडलं," जयवंतराव म्हणाले.

"हं."

"मग ते का उघडलं, हे कशानं कळतं?"

"त्याला आमच्याकडे काही नाही बाबा. संस्थेत कुणाकडेच नाही. आत्याकडेच जा."

पण जायचं कसं, ते त्यांना सुचेना. पुढचे काही दिवस जयवंतराव घरात हिंडत राहिले. पट्टी लावलेली होती, पण राग येत नव्हता, त्यामुळे फोन बोलत नव्हता. जे येत होतं त्याला काय म्हणायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी केळीही खाऊन पाहिली. फरक पडला नाही. कुंदाताईंनी कोजागरी वरच्या गल्लीतल्या हॉलवर हलवली होती आणि दुधाची वाटणी घराघरात करून दिली होती. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, हे कुंदाताईंच्या लक्षात आलं.

मग आक्काचा कुंदाताईंकडे निरोप आला. गुरुवारी सकाळी जयवंताला पाठव, आणि काही खाऊ घालू नकोस.

जयवंतराव गेले. आक्कानं पाट मांडला होता. ज्वारीची भाकरी, दुधी भोपळ्याची भाजी, मुगाची आमटी, भात, वर तूप. "तिखट मुद्दाम कमी घातलंय," ती म्हणाली. "नाहीतर म्हणशील मिरचीमुळे झालं."

"काय झालं?"

"ते नंतर. जेव."

ते जेवले. इतक्या वर्षांनी आक्काच्या हातचं जेवत होते, म्हणून दोन घास जास्तच गेले. ताक झालं. आक्कानं बाहेरच्या खोलीत चटई टाकली, पंखा लावला आणि म्हणाली, "झोप."

"मला दुपारची झोप येत नाही."

आक्का नुसती उभी राहिली, पाचवी-सहावीच्या मुली रांगेत येईपर्यंत उभी राहायची तशी. जयवंतराव आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्का कोमट तेलाची वाटी घेऊन मागे बसली आणि तिनं त्यांची मान धरली. लहानपणी शनिवारी न्हाऊ घालायची तशीच, दया-माया न दाखवता. मान दोनदा कट्कन वाजली. मग तिनं पोटावरची पट्टी काढायला लावली, चकत्याही काढायला लावल्या, फोन बंद केला आणि सगळं उचलून स्वयंपाकघरात ठेवून आली.

"बाथरूमला जायचंय?"

"नाही."

"जाऊन ये."

ते जाऊन आले. आक्का भिंतीला टेकून बसली. "पोट झालं, झोप झाली, मान झाली, बाकीचंही झालं. आता तुझ्याकडे ढकलायला कुणी उरलं नाही. बोल. ते वाक्य कुठून आलं?"

जयवंतराव चटईवर बसून राहिले. राग शोधायचा तर तो नव्हता. शरीरात कुठेच काही दुखत-खुपत नव्हतं, आणि इतकं स्वस्थ असण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी लग्नाचा दिवस पुन्हा आठवायला घेतला. माइकपाशी गेले, तर तिथे आता फारसं काही वाटेना. तांब्याचं तर थोडं हसूच आलं. म्हणून ते आणखी मागे गेले, सकाळपर्यंत.

"केतकी खोलीत तयार होत होती," ते म्हणाले. "मी तिला बघायला आलो. ती तुझ्या गळ्यात पडून रडत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, बाबा, थोडं थांबा ना, मी आत्याशी बोलतेय."

आक्का ऐकत होती.

"मी थांबलो. पाहुणे येत-जात होते, सगळे मला बाजूला सरकायला सांगत होते. मला वाटलं, बरोबर आहे. मी कालव्यावर होतो. हिला वाढवली कुणी? तिला कुणाचं बोट धरून चालायची सवय आहे? मग तू माइकवर बोललीस आणि ती तुझ्याकडे बघून हसली. सगळ्यात जास्त तीच हसली. तेव्हा मी ठरवलं, आक्काला जिथं सगळ्यात जास्त लागेल तिथं मारायचं. जागा शोधली आक्का मी. भांड्यांच्या खोलीपर्यंत चालत जाताना शोधली. ते पित्त नव्हतं."

आक्का बराच वेळ पदराच्या टोकानं बोटांचं तेल पुसत होती. तेल केव्हाच निघालं होतं.

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा कळलं नव्हतं."

"खोटं बोलू नकोस."

"थोडं कळलं होतं," जयवंतराव म्हणाले. "चुकलो आक्का. माफ कर."

आक्कानं मान वळवून खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "पोरगी माझ्या गळ्यात का पडली होती, माहीतेय?" ती म्हणाली. "बाबांनी आज उपास धरलाय, त्यांना काहीतरी खायला दे, असं सांगत होती. तू ऐकणार नाहीस हे तिला माहीत होतं, म्हणून मला सांगत होती. तू दारात उभा राहिलास, म्हणून तुला थांब म्हणाली."

जयवंतराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रडले. आक्कानं त्यांना रडू दिलं. मधे एकदा उठून पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, आणि तो शेजारी ठेवला.

ते सावरल्यावर तिनं म्हटलं, "माफ करीन. पण आधी माझं ऐकावं लागेल."

"चिडलीयस?"

"इतकी वर्षं."

सवयीनं जयवंतराव म्हणाले, "पट्टी लावून बघतेस का? आत आहे."

"कशाला? माझा राग कुठून येतो ते मला दिसतंय. समोर चटईवर बसलाय."

आक्का शिस्तीची बाई होती. मधूनच सुरुवात करणं तिला जमायचं नाही. लग्नाचं नीट समजायचं तर त्याच्या आधीचं समजायला हवं, असं म्हणून तिनं एकदम सुरुवातीपासून घेतलं. तिची दोरीवरच्या उड्यांची दोरी तिसरीतल्या जयवंतानं शेळीला बांधायला नेली होती, तिथून. त्यांनी एक-दोनदा बाजू मांडायचा प्रयत्न केला. आक्कानं बोट वर केलं, ते थांबले. काही ठिकाणी दोघंही हसले, पण त्यामुळे आक्काच्या वेगात फरक पडला नाही. दिवेलागणीला तिनं दिवा लावला, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरातूनच पुढचं सांगत राहिली. चहाबरोबर तिनं फोन परत आणून दिला, कारण कुंदा काळजी करत असेल.

फोन सुरू केला आणि तो लगेच वाजला.

"मिटलं का?" कुंदाताईंनी विचारलं.

जयवंतराव उठून दारापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मिटतंय. पण वेळ लागेल. अजून माझी दहावी चालू आहे."

"मग जेवायला वाट बघू का?"

आतून आक्काचा आवाज आला, "जया, फोन ठेव. आणि भूक लागली असली तर आत्ताच सांग, मग मधेच पोटाचं कारण चालणार नाही."

"तू जेवून घे," जयवंतराव कुंदाताईंना म्हणाले. त्यांनी फोन ठेवला, आत गेले आणि चटईवर पुन्हा मांडी घालून बसले.